कुनियाची चुंबळ

वरोऱ्याच्या आमच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, माझा आणि माझ्या नवऱ्याचा एक फोटो आईने गेली कित्येक वर्षे टांगून ठेवलेला आहे. त्यात आम्ही दोघे एका लालसर, उघड्याबोडक्या खडकावर उभे आहोत, वाऱ्याने माझे केस तोंडावर आलेले आहेत आणि पाठीमागे क्षितिजापर्यंत सपाट वाळवंट पसरलेले आहे. २०११ सालचा ऑगस्ट महिना होता तो. घरी कोणी आले की आई तो फोटो दाखवते आणि "साखळी धरून चढले दोघं, एवढा उंच दगड!" असे कौतुकाने सांगते. त्यामुळे यंदा जूनमध्ये ती मेलबर्नला माझ्याकडे आली तेव्हा तिला समुद्र किंवा कांगारू बघायचे नव्हते; तिला फोटोतला तो दगड बघायचा होता.

त्या दगडाचे नाव उलुरू. ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यात, अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून रस्त्याने साडेचारशे किलोमीटरवर, सपाटीतून एकदम ३४८ मीटर वर आलेला आणि पायथ्याशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास घेर असलेला हा एकसंध वालुकाश्म आहे. आतून तो करड्या रंगाचा आहे. लाल दिसतो तो त्यातल्या लोहावर चढलेल्या गंजामुळे. १८७३ साली विल्यम गॉस नावाचा सर्वेक्षक तेथे पोहोचला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन मुख्य सचिवाच्या नावावरून त्याला 'एअर्स रॉक' म्हटले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे जगाने तेच नाव वापरले. ज्यांच्या मालकीचा तो खडक आहे ते लोक त्याला आधीपासून उलुरूच म्हणत होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

पहिल्या खेपेला मीही काही विचारले नव्हते. पहाटेच्या बसने आम्हाला सूर्योदय दाखवला आणि तेथून थेट चढाईच्या पायथ्याशी नेऊन सोडले. तेथे अनेक भाषांतली एक पाटी होती. हे आमचे घर आहे, कृपया चढू नका, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. मी तो वाचला होता. वाचला नव्हता असे म्हणण्याची सोय माझ्याकडे नाही. पण फाटक उघडे होते, साखळी ठोकलेली होती, पुढे-मागे माणसे चढत होती, आणि विनंती म्हणजे मनाई नव्हे, हा आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला न्याय मी लावला. वाटेत एक सांस्कृतिक केंद्र लागते हे आमच्या गावीही नव्हते. या वेळी मात्र आईचे गुडघे लक्षात घेऊन पहिला थांबा तोच ठरवला, कारण तेथे सावली असेल, बसायला बाके असतील आणि चहा मिळेल, एवढाच माझा हिशेब होता.

उद्यानाचे माहिती केंद्र म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर एक ठरलेली खोली येते: मधोमध काचेखाली उद्यानाचा उठावाचा नकाशा, भिंतीवर प्राण्यांची छायाचित्रे, आणि एका कोपऱ्यात 'येथील आदिवासी जीवन' अशा मथळ्याखाली मातीचे दोन पुतळे, एक झोपडी आणि एक ढोल. ताडोबा आमच्या घरापासून जवळ, त्यामुळे असल्या खोल्या मी लहानपणापासून पाहत आले आहे. पुतळ्यांखालच्या पाटीवर 'ते' शिकार करत, 'ते' नाचत, असे लिहिलेले असते, आणि ती पाटी लिहिणारा 'ते'पैकी कधीच नसतो. ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडले, तो वाघाशी झुंजताना मेलेला गोंडांचा तारू तळ्याच्या काठी झाडाखाली देव होऊन बसला आहे, हे मला अशा कोणत्याही पाटीने सांगितलेले नाही. ते सांगितले आमच्याकडे मोहाची फुले विकायला येणाऱ्या एका म्हातारीने.

उलुरूचे केंद्र बाहेरूनच वेगळे आहे. ग्रेगरी बर्जेस या वास्तुविशारदाने येथल्या अणंगू लोकांशी सल्लामसलत करून ते उभारले, आणि २६ ऑक्टोबर १९९५ रोजी ते खुले झाले. लाल मातीच्या विटांच्या दोन लांबट, वळणावळणांच्या इमारती समोरासमोर पसरलेल्या आहेत. त्यांतली एक कुनिया, म्हणजे अजगराच्या जातीची मादी. दुसरी लिरू, म्हणजे विषारी साप. दोघांच्या वैराची कथा उलुरूच्या दक्षिण अंगावर घडली आणि तिच्या खुणा आजही कड्यावर आहेत, अशी अणंगूंची श्रद्धा आहे. श्रद्धा हा शब्द मी सवयीने लिहिला खरा. त्यांच्या दृष्टीने ती माहिती आहे, जशी सातबाऱ्यावरची नोंद ही माहिती असते.

'अणंगू' या शब्दाशी मी थोडी रेंगाळले, त्याचे कारण ण. या लोकांच्या पिचंचचारा आणि यंकुंचचारा भाषांत मूर्धन्य अनुनासिक आहे, आपल्या बाणातला आणि पाण्यातला. रोमन लिपीत ते दाखवायला एन या अक्षराखाली रेघ ओढावी लागते आणि ती रेघ बहुतेक ठिकाणी गळून जाते. मग पर्यटक 'अनान्गू' म्हणत फिरतात. आईने मात्र माझ्या तोंडून एकदा ऐकून तो ण असा उच्चारला की टेबलामागे बसलेल्या रेंजर मुलीने मान वर करून पाहिले.

दाराशी पहिलीच सूचना छायाचित्रे न काढण्याची होती. आईने फोन आधीच बाहेर काढलेला होता, कारण नागपूरला माझी वहिनी आणि तिची मुले व्हॉट्सअ‍ॅपवर वाट बघत होती. "देवळात नसतात काढू देत, तसं का?" तिने विचारले. मी थोडेसे तसेच म्हणाले, पण पुढे वाचल्यावर कळले की कारण त्याहून काटेकोर आहे. खडकाच्या काही भागांवरचे तपशील म्हणजे अणंगूंच्या दृष्टीने धर्मग्रंथाची पाने आहेत. ती त्याच जागी उभे राहून, ज्यांना अधिकार आहे त्यांनीच वाचायची असतात. त्यांची नक्कल करून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून केंद्रात तर नाहीच, पण खडकाभोवती फिरतानाही ठरावीक टप्प्यांवर कॅमेरा खाली ठेवा, अशी विनंती करणाऱ्या पाट्या आहेत.

आत शिरल्यावर एक अंधारा बोगदा लागतो. भिंतींवर चित्रे, कानावर त्यांची गाणी आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणे, आणि त्या सगळ्यातून पुन्हा पुन्हा येणारा एक शब्द: च्युकुर्पा. इंग्रजीत यासाठी 'ड्रीमटाइम' हा शब्द रूढ झाला आणि आपल्याकडच्या लेखांतही 'स्वप्नकाळ' असे त्याचे भाषांतर छापले गेले. येथे अणंगू स्वतः सांगतात की हे स्वप्न नव्हे. जग ज्यांनी घडवले त्या पूर्वजांचे प्रवास, त्या प्रवासांतून आलेला जमिनीचा कायदा, कोणाशी लग्न करावे, कोणाला काय द्यावे, कोणते गवत कधी जाळावे, हे सगळे मिळून च्युकुर्पा. धर्म हा आपला शब्द मला सुचला आणि मी तो लगेच परत घेतला. आपला धर्म गाव सोडून कोठेही नेता येतो, यांचा त्या-त्या टेकडीशी आणि पाणवठ्याशी बांधलेला आहे.

या बोगद्यात जी गोष्ट मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी वाटली, ती तेथे नसलेली होती. येथे पाहुण्यांना ज्या कथा सांगतात त्या अणंगू मुलांना सांगितल्या जातात तेवढ्याच. पुढचे थर वयाबरोबर, पात्रता सिद्ध झाल्यावर उघडतात; काही फक्त बायकांना, काही फक्त पुरुषांना. एखाद्या संस्कृतीचे दालन म्हणजे तिचे जास्तीत जास्त आपल्यापुढे मांडलेले असणार, असे आपण गृहीत धरतो. तिकीट काढलेले असते ना आपण. येथे तिकीट काढूनही मला बालवर्गात बसवले होते, आणि त्याचा मला रागही आला नाही. ज्या घरात पाहुण्याला ओसरीवर बसवून पाणी देतात, त्या घराचे माजघर शाबूत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

कुनियाची कथा त्या बालवर्गातली. ती पूर्वेकडून आली, येताना आपली अंडी डोक्यावर घेऊन आली, आणि ती घरंगळू नयेत, हिंदकळू नयेत म्हणून तिने खाली मंगुरी ठेवली होती. मंगुरी म्हणजे डोक्यावर ओझे वाहताना खाली ठेवायची गवताची वाटोळी कडी. मी आईला एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि या वाक्याशी अडले, कारण तो शब्द मी वीस-पंचवीस वर्षांत उच्चारलेला नव्हता. "म्हणजे चुंबळ," आई म्हणाली. "मंगुरी म्हणजे चुंबळ. अंडी न्यायची तर चुंबळ लागणारच."

मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्या जन्माआधी, घरात नळ येण्यापूर्वी, तिने विहिरीवरून घागरी वाहिल्या आहेत, हे मला माहीत होते, म्हणजे आपल्याला आईवडिलांबद्दल जसे माहीत असते तसे. जुन्या लुगड्याची चिंधी पिळून, वेटोळे करून, टोक आत खोचून ती चुंबळ कशी करायची आणि ती नीट बसली नाही तर घागरीचा काठ कसा टाळूत रुततो, हे तिने तेथेच, बोगद्याच्या अंधारात, हातवारे करून सांगितले. जगाच्या त्या टोकाला, भाषेचा एक शब्द सामाईक नसताना, तिला कथेतला सर्वांत व्यवहाराचा तपशील आधी समजला होता. मला आधी सापांचे प्रतीक वगैरे सुचत होते.

पुढे कथा अशी आहे की कुनियाच्या भाच्याला लिरू योद्ध्यांनी भाल्यांनी मारले. "ती त्याची आत्या की मावशी?" आईचा प्रश्न. इंग्रजी मजकुरात नुसतेच 'नेफ्यू' होते, आणि इंग्रजीला ही चौकशी कधी सुचलेलीच नाही. अणंगूंना सुचलेली आहे. त्यांच्यात वडिलांच्या बहिणीला कुंटिली हा वेगळा शब्द आहे, तर आईची बहीण ही आईच म्हटली जाते. हे मी नंतर शब्दांच्या एका छोट्या पुस्तिकेत वाचले. त्याच पुस्तिकेत 'मामा' म्हणजे वडील असेही होते, आणि त्यावर आई दिवसभर अधूनमधून हसत होती.

भाचा मेल्याचे कळल्यावर कुनिया लिरूवर चालून गेली. तो तिची टिंगल करत होता. राग इतका अनावर होता की तिने वाळू मुठीत उचलून खाली सोडली, पुन्हा उचलली, पुन्हा सोडली, म्हणजे तो राग आजूबाजूच्या झाडापाल्याला बाधू नये. मग तिने आपल्या वानाने, म्हणजे कंदमुळे खणायच्या काठीने, त्याच्या डोक्यावर दोन घाव घातले. मुटिचुलूच्या पाणवठ्याजवळ कड्यावर त्या दोन घावांच्या भेगा आहेत. खणायची काठी हे बाईचे रोजचे अवजार आहे. शस्त्र म्हणून तेवढेच तिच्या हाताशी होते.

दुसऱ्या इमारतीत उद्यानाचा कारभार आणि निसर्ग यांची मांडणी आहे, आणि माझ्या ठरलेल्या खोलीत जे वेगळे असते ते येथे वेगळे काढता येत नाही. वारूचे उदाहरण घ्यावे. वारू म्हणजे आग. थंडीच्या दिवसांत थोडा-थोडा भाग जाळत जायचे, म्हणजे जमिनीवर ताज्या जळलेल्या, नुकत्या उगवलेल्या आणि जुन्या गवताचे तुकडे-तुकडे तयार होतात, आणि कोठे ठिणगी पडली तरी आग फार पुढे जात नाही. अणंगूंचे या जमिनीवरचे हिंडणे-फिरणे कमी झाले, हे जाळणे थांबले, स्पिनिफेक्सचे तेलकट गवत माजले, आणि १९७६ च्या वणव्यांत उद्यानाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जळाला. त्यानंतर उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले. माला नावाचा सशाएवढा वॉलबी, म्हणजे कांगारूचा लहान भाऊबंद, या भागातून विसाव्या शतकाच्या मध्यास नाहीसा झाला होता. २००५ साली १७० हेक्टरांचे कुंपण घालून त्यात २४ माला आणून सोडले. माला हे अणंगूंचे पूर्वजही आहेत, उलुरूशी त्यांची मोठी कथा जोडलेली आहे. म्हणजे वन्यजीव खात्याच्या नोंदीत जी प्रजाती परत आली, ती दुसऱ्या नोंदीत माहेरी आली.

मालकीचा इतिहास एका भिंतीवर थोडक्यात आहे. १९५८ साली आदिवासी राखीव क्षेत्रातून हा तुकडा काढून उद्यान केले गेले; खडकाला अगदी चिकटून पर्यटकांसाठी मोटेले उभी राहिली, जी १९८४ च्या सुमारास हलवून उद्यानाबाहेर युलारा या वसाहतीत नेली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी जमिनीची कागदपत्रे अणंगूंच्या हाती दिली आणि त्यांनी ती जमीन लगेच ९९ वर्षांच्या कराराने उद्यान म्हणून सरकारला भाड्याने दिली. आज बारा जणांच्या व्यवस्थापन मंडळात आठ अणंगू असतात. हा व्यवहार पुरता न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही; परत मिळालेली वस्तू त्याच दिवशी भाड्याने द्यावी लागणे याला काय म्हणावे, हे आपल्याकडच्या धरणग्रस्तांना विचारावे. पण घर कोणाचे आणि भाडेकरू कोण, एवढे तरी कागदावर ठरले.

त्याच भिंतीवर चढाईविषयी होते. चढायची वाट म्हणजे माला पुरुष उलुरूवर आले तेव्हा ज्या वाटेने गेले ती. आणि शिवाय, येथे किमान ३७ माणसे मेली, तेव्हा प्रत्येक वेळी अणंगूंनी दुःख केले, कारण आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला इजा झाली तर दोष यजमानाला लागतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मंडळाने एकमताने चढाई बंद करायचे ठरवले आणि २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, जमीन परत मिळाल्याच्या चौतिसाव्या वर्धापनदिनी, ती बंद झाली. शेवटच्या काही महिन्यांत तेथे चढण्यासाठी मुंग्यांसारख्या रांगा लागल्या होत्या. पर्यटकांना अणंगूंनी ठेवलेले नाव मिंगा असे आहे, आणि मिंगा म्हणजे मुंग्याच.

मी हे मोठ्याने वाचले आणि मराठीत सांगायचे थांबले. आईला इंग्रजी बोलता येत नसले तरी चित्र वाचता येते; साखळी धरून चढणाऱ्या माणसांचे चित्र समोर होते. तिने बराच वेळ ते पाहिले.

"तुमच्या वेळी ही पाटी नव्हती का गं?"

"होती."

तिने पुढे काही विचारले नाही. तिने काही बोलावे, निदान रागवावे, असे मला वाटत होते, पण ती चष्मा पुसून पुढच्या दालनाकडे वळली.

तेथे एक जाड फाइल ठेवलेली आहे, तिला क्षमेचे पुस्तक म्हणतात. येथून उचलून नेलेले दगड, वाळूच्या पुड्या लोक जगभरातून टपालाने परत पाठवतात आणि सोबत पत्र लिहितात. त्यातली काही पत्रे तिच्यात लावलेली आहेत. दगड नेल्यापासून घरात आजारपण आले, धंदा बसला, असे काहींनी लिहिले आहे; आमच्या गावातल्या देवऋषाकडे नेले असते तर त्यानेही हेच निदान केले असते. काहींनी फक्त चुकले म्हटले आहे. उद्यानाच्या माणसांची अडचण मात्र अशी की कोणता दगड कोठून उचलला हे आता कळायला मार्ग नसतो, त्यामुळे तो जागच्या जागी ठेवता येत नाही. मी दगड नेलेला नव्हता. टपालाने परत पाठवता येईल असे माझ्याकडे काहीच नव्हते, आणि मला त्याचे थोडे वाईटच वाटले.

बाहेर मारुकूचे दुकान होते. ही कारागिरांची स्वतःची संस्था असून १९८४ पासून ती चालू आहे. आईने तेथे एक पिती हातात घेतली. पिती म्हणजे लाकडाची खोलगट, लांबट परात. खरे तर काठवट हाच शब्द. तिच्यावर विस्तवात तापवलेल्या तारेने नक्षी डागलेली होती, काळ्या-तपकिरी ठिपक्यांच्या आणि रेघांच्या ओळी, आणि जवळ नेली की अजून किंचित जळकट वास येत होता. आईने ती उलटी करून बोटांनी पाठ चाचपली. तासल्याचे उभे चरे बोटांना लागत होते, काठाकडे लाकूड पातळ होत गेले होते, मध्यावर जाड राहिले होते. असल्याच पसरट भांड्यात येथल्या बायका गवताचे बी घोळून पाखडत, मग दगडावर पाणी घालून वाटत आणि राखेत भाजत. हे सांगितल्यावर आईने विचारले, "रोडगेच म्हणायचे की!" मग तिने किमतीची चिठ्ठी पाहिली, मनातल्या मनात रुपये केले आणि पिती अंडी ठेवावीत तशी जागेवर ठेवून दिली.

आम्ही गाडीने उलुरूला वळसा घालायला निघालो. मुटिचुलूच्या पाण्याशी वाट सपाट आहे, तेथवर आई चालत आली. कड्यावरच्या दोन भेगा तिने स्वतःच शोधल्या, एक आखूड आणि एक लांब. कुनिया आणि तिचा भाचा आता या पाण्याचे राखणदार आहेत असे केंद्रात सांगितले होते, म्हणून की काय, ती काठावर चपला काढून उभी राहिली. परतताना पश्चिमेच्या बाजूला जुन्या चढाईची वाट लागली. साखळी आणि खांब केव्हाच काढून नेले आहेत. पण लाखो पायांनी घासून खडकाचा गंज निघालेला आहे आणि खालून वरपर्यंत एक फिकट पट्टा अजून दिसतो. आईने तो पाहिला, मग माझ्या पायांकडे पाहिले, अगदी सहज, मुलीने नवीन बूट घेतले असतील तर आई पाहते तसे.

"ती अंडी कुठे ठेवली मग तिने?" थोड्या वेळाने तिने विचारले.

"पुरली. पूर्वेच्या टोकाला."

पूर्वेच्या टोकाला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत आले होते आणि अख्खा कडा पेटल्यासारखा झाला होता. रस्त्याकडेला पाटी आली, येथून पुढे छायाचित्रे काढू नयेत अशी, आणि तेवढ्यात आईचा फोन वाजला. नागपूरहून नातवंडांचा व्हिडिओ कॉल होता. आईने तो घेतला, फोनचे तोंड आपल्या मांडीवर पालथे केले आणि पुढच्या वळणापर्यंत त्यांच्याशी तसेच बोलत राहिली.